कॅमेरा येईपर्यंत नळ गळता ठेवावा

स्वयंपाकघरातला नळ गळू लागणे ही कोणाच्याही घरी घडू शकणारी सर्वसाधारण बाब आहे. नळ गळतो, घरातलं माणूस चिडतं, प्लंबर येतो, नळ थांबतो. परंतु नळ प्लंबरच्याच घरचा असेल आणि त्या प्लंबरला जगाचं भलं करायची हुक्की आली असेल, तर प्रकरण इतक्या सरळ मार्गाने जात नाही. नळकाकांच्या घरी ते गेलं नाही.

नळकाका म्हणजे मोठा हुन्नरी माणूस. उभा जन्म दुसऱ्यांच्या मोऱ्यांत वाकून गेला, पण हात असा की नुसता नळाला लागला तरी नळ वचकून गप्प बसावा. लेक लग्न होऊन परदेशी गेली होती. तिकडे तिचा नळ गळायला लागला आणि तिथला प्लंबर तारखांवर तारखा देऊ लागला, तेव्हा तिने बापाला फोन लावला. काकांनी इथून सांगितलं, तिने तिथे केलं, नळ थांबला. लेक आनंदाने ओरडली, "बाबा, तुम्ही याचे व्हिडिओ करा! सगळं जग बघेल!"

पोर लाडाने बोलून गेली हो. पण काकांनी ते असं मनावर घेतलं, की त्या दिवसापासून ते आरशासमोर उभं राहून "नमस्कार, जगातल्या मित्रांनो" म्हणायला लागले. आणि त्याच आठवड्यात त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला.

"अहो, तेवढा वायसर बदला," काकू म्हणाल्या.

काकांनी पान्हा उचलला, नळापाशी नेला आणि तिथेच थबकले. "अगं, हा आत्ता दुरुस्त केला तर व्हिडिओत काय दुरुस्त करू?"

"दुसऱ्या कोणाचा करा. गावात गळक्या नळांचा दुष्काळ पडलाय का?"

"असा नळ पुन्हा मिळायचा नाही. ऐक जरा. कसा एका तालात गळतोय!"

"मग उरकून टाका आत्ताच. खिशात फोन आहे, त्यात कॅमेरा आहे."

काकांनी बायकोकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "फोन घरगुती वापराला ठीक आहे. हे काम आंतरराष्ट्रीय आहे. त्याला कॅमकॉर्डर लागतो."

काकूंनी कपाळाला हात लावला. मग शांतपणे, एकेक शब्द मोजून त्या म्हणाल्या, "हे बघा. लेक बाळाला घेऊन यायची आहे. ती यायच्या आत हे घर कोरडं आणि गप्प पाहिजे. नाहीतर दोघींना घेऊन मी सरळ माझ्या बहिणीकडे जाईन. मग बसा नळाला मांडीवर घेऊन."

हे मात्र काकांना लागलं. नात जन्मली तेव्हापासून त्यांनी तिला फक्त फोनच्या काचेत पाहिलं होतं. तिला एकदा उराशी धरायचं, तिच्या मुठीत आपलं बोट द्यायचं, एवढ्याच ओढीवर ते दिवस काढत होते. म्हणून ते त्याच दिवशी कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. घ्यायचा, आणायचा, लावायचा, नळ दुरुस्त. संध्याकाळपर्यंत घर कोरडं, असा त्यांचा हिशोब होता.

दुकानातल्या विक्रेत्याने विचारलं, "पहिलाच का, काका?" डॉक्टर हार्ट अटॅकबद्दल विचारतात तशा सुरात.

"हो, पहिलाच."

"मग पहिला घेऊच नका. पहिला घेणारे सगळे पस्तावतात. थेट दुसरा घ्या."

"पहिला न घेता दुसरा कसा घेणार?"

"तेच तर लोक विचारात घेत नाहीत," विक्रेता खेदाने म्हणाला. "बरं, झूम किती हवा?"

"नळ समोर असणार. हातभर अंतरावर."

"आज हातभर. उद्या आंतरराष्ट्रीय झालात आणि नळ लांब गेला, तर? आणि तुमचा हात थरथरतो का?"

"माझा? अहो, पान्हा धरून हयात गेली!"

"अरेरे. मग थरथर घालवायची सोय तुमच्या बाबतीत फुकट जाणार. पण ती नसलेला कॅमेरा आता बनतच नाही. थोडं थरथरायची सवय करा." मग त्याने आवाज खाली आणला. "खरा प्रश्न वेगळाच आहे. काही देशांत चित्रं सेकंदाला पंचवीस लागतात, काही देशांत तीस. तुमचा थेंब नक्की कुठल्या देशासाठी पाडायचाय, ते आधी ठरवून या."

काकांनी आजवर थेंब थांबवले होते, कोणत्याही देशासाठी पाडले नव्हते. ते हात हलवत परत आले. म्हणजे हात अगदीच रिकामे नव्हते, काखेत माहितीपत्रकांचा गठ्ठा होता.

मग काकांनी अभ्यास सुरू केला. जगात कॅमेऱ्यांची परीक्षा करणारे तज्ज्ञ भरपूर आहेत आणि ते सगळे फुकट उपलब्ध आहेत. एक म्हणायचा हा घ्या, दुसरा म्हणायचा तो घेतला तर जन्मभर रडाल, तिसरा दोन्ही घ्या म्हणायचा आणि स्वतः तिसराच वापरायचा. हे सगळे तज्ज्ञ कॅमेऱ्यांनी कॅमेऱ्यांचेच व्हिडिओ काढत होते. काका रोज पाहत होते आणि इकडे थेंबांची धार झाली होती.

एका सकाळी दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क उघडी छत्री घेऊन दारात उभे होते. बाहेर कडक ऊन होतं.

"माझ्या दिवाणखान्यात पाणी पडतंय," ते म्हणाले.

आता इथे कोणीही दोन शिव्या हासडल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. पण काका अपराधी चेहऱ्याने म्हणाले, "माफ करा साहेब, कॅमेऱ्याची निवड प्रलंबित आहे." आणि तो शब्द ऐकून हेडक्लार्कांचे डोळे पाणावले. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याशी कोणी असं बोललंच नव्हतं.

"प्रलंबित? कोणत्या स्तरावर?" त्यांनी छत्री मिटली.

"माझ्याच."

"एकट्याच्या? समितीशिवाय? अहो, उद्या निवड बरोबर ठरली तर जबाबदार कोण?"

झालं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! तिथेच, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कॅमेरा निवड समिती स्थापन झाली. हेडक्लार्क अध्यक्ष आणि बाधितांचे प्रतिनिधी. काका तांत्रिक सदस्य. काकू निमंत्रित, म्हणजे चहा करायचा आणि मत द्यायचं नाही. पहिल्याच बैठकीत ठराव झाला, आणि हेडक्लार्कांनी तो स्वतःच्या वळणदार अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून नळाला टांगला: 'योग्य कॅमेरा उपलब्ध होईपर्यंत सदर नळ आहे त्या स्थितीत गळता ठेवावा. परस्पर दुरुस्ती केल्यास शैक्षणिक साहित्याची हानी समजण्यात येईल.'

"नळाला पाटी लावलीत, तशी मलाही एक लावा," काकू म्हणाल्या. "सदर बायको डोक्यावर परिणाम होईपर्यंत आहे त्या स्थितीत ठेवावी." त्यांनी पान्ह्याकडे हात नेला, तर काकांनी तो कपाटात कुलूपबंद करून टाकला.

चांगली कल्पना हवेतून पसरते म्हणतात, वाईट कल्पनेला तर पंखच असतात. लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या मेकॅनिकने काकांकडे पाणी प्यायला आल्यावर ही पाटी पाहिली आणि लिफ्ट तशीच दोन मजल्यांच्या मध्ये लटकत ठेवली. "इतकी सुंदर अडकलेली लिफ्ट वाया कशी घालवू? कॅमेरा आला की सांगा." वायरमनने जिन्यातला लुकलुकणारा दिवा राखून ठेवला. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी तर कमाल केली. एका पेशंटची दाढ उपटायला घेतली होती, ती त्यांनी अर्ध्यावर सोडली आणि पेशंटला म्हणाले, "जगातल्या विद्यार्थ्यांचा विचार करा." गाल पावासारखा फुगलेला तो गृहस्थ तेव्हापासून समितीच्या प्रत्येक बैठकीला येऊन कोपऱ्यात बसायचा. त्याला काही बोलता येत नसल्यामुळे त्याची सर्व ठरावांना संमती धरली जायची.

हे सगळे समितीत आले, तशी झूम उपसमिती झाली, बॅटरी उपसमिती झाली. दोन्हींचं पटेना म्हणून समन्वय उपसमिती झाली. धारेचा आता चांगला ओघ झाला होता. एके दिवशी हेडक्लार्कांच्या छताचा मोठा तुकडा खाली आला. गवंड्याने भोक निरखलं, मान डोलावली आणि अर्थातच ते जपून ठेवायला सांगितलं. हेडक्लार्कांना उलट बरंच वाटलं. जिने चढायचा त्रास वाचला. ते आता आपल्याच खुर्चीत बसून, मान वर करून, भोकातून अध्यक्षपद भूषवू लागले.

काकांना मात्र झोप येईना. पाण्याचा आवाज ऐकून बोटं शिवशिवायची, आणि स्वतःची लाजही वाटायची. एक वायसर, पाच मिनिटांचं काम! पण आता माघार घेतली तर समितीला काय तोंड दाखवणार? लेकीचा फोन आला, "बाबा, निघतोय आम्ही." काकूंनी आपली बॅग भरून दाराशी ठेवली.

लेक आली तेव्हा पूर्ण समितीची बैठक चालू होती. कॅमेरा अखेर ठरला होता. आता त्याचा पट्टा काळा असावा की करडा यावर समसमान मतं पडली होती. लिफ्ट लटकलेली, जिना लुकलुकता. लेक कडेवर बाळ, खांद्याला पिशवी अशी धापा टाकत वर आली आणि घोटाभर पाण्यात उभी राहिली.

"आलं गं माझं सोनं!" म्हणत काका दोन्ही हात पसरून धावले.

लेकीने बाळ आईकडे दिलं. "बाबा, आधी पान्हा द्या."

"कुलपात आहे. ठराव आहे ना."

लेकीने पिशवीत हात घातला आणि दुपटी, लंगोट बाजूला सारून स्वतःचा पान्हा बाहेर काढला. लग्नात काकांनीच दिलेला होता तो. मग तिने बापाच्या शर्टाच्या खिशात दोन बोटं घातली. तिथे वायसर असणार हे तिला लहानपणापासून माहीत होतं. बाह्या सरसावून ती कामाला लागली, आणि तोंडाने म्हणत गेली, बापाने फोनवर सांगितलं होतं तसंच.

"आधी मेन कॉक बंद. मग नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्यायचं. वरची मूठ काढायची. खालचा नट पान्ह्याने डावीकडे फिरवायचा. जुना वायसर काढून नवा बसवायचा, सपाट बाजू खाली. परत आवळायचं, पण जीव खाऊन नाही. मेन कॉक चालू."

आणि नळ थांबला. घर असं शांत झालं की बाळाने दचकून इकडेतिकडे पाहिलं. काकूंच्या डोळ्यांतून टिपं गळायला लागली. काकांचा ऊर भरून आला. आयुष्यात इतकं नीट त्यांचं कोणी ऐकलं नव्हतं. ते बाळाकडे वळले, बोट पुढे केलं.

"नियमबाह्य!" भोकातून अध्यक्षांचा आवाज आला. "चित्रीकरण कुठे झालंय?"

"अरेरे," दातांचे डॉक्टर हळहळले, "किती सोपं करून सांगितलं, आणि कॅमेराच नाही."

"काका," लिफ्टवाला म्हणाला, "परत एकदा होईल का?"

सगळे काकांकडे पाहू लागले. काकू म्हणाल्या, "अहो, खबरदार हात लावाल तर." काकांनी नातीकडे पाहिलं. मग नळाकडे पाहिलं. खरं सांगायचं तर नळ दुरुस्त झाल्यावर अगदीच सामान्य दिसत होता.

"एकदाच," ते म्हणाले. "पटकन. कसं दिसलं असतं तेवढंच बघू."

त्यांनी नट डावीकडे फिरवला. मेन कॉक चालू होता, हे साऱ्या जन्मात पहिल्यांदा नळकाका विसरले. नळाचं डोकं सुटून थेट छतावर आपटलं, पाण्याचा लोट काकांच्या तोंडावर बसला, काका समन्वय उपसमितीसकट आडवे झाले आणि उरलेलं सगळं पाणी भोकातून अध्यक्षांच्या उघड्या तोंडात गेलं. ते त्या वेळी 'कार्यवाही स्थगित' म्हणत होते.

काकूंनी बाळाला उराशी घट्ट धरलं आणि बॅग उचलली. लेक पान्हा पुसून पिशवीत टाकत म्हणाली, "बाबा, नात कधी घ्यायची ते समितीला विचारून कळवा." आणि तिघी लुकलुकत्या जिन्याने खाली उतरल्या.

काकांनी मेन कॉक बंद केला, नळ नीट बसवला, पाणी उपसलं. घर कोरडं आणि गप्प झालं. त्यात ते एकटे बसले आणि ढसाढसा रडले.

पण काम मात्र आंतरराष्ट्रीय झालं बरं का! तो फुगलेल्या गालाचा गृहस्थ, त्याला बोलता येत नव्हतं म्हणून तो कोपऱ्यात बसून आपल्या साध्या फोनवर सगळं टिपत होता. लेकीने बाह्या सरसावल्या तिथपासून जिना उतरली तिथपर्यंत. त्याने ते तसंच जगापुढे टाकलं. पंचवीस चित्रांच्या देशांत पाहिलं गेलं, तीस चित्रांच्या देशांत पाहिलं गेलं. काकांचं तोंड धुऊन निघालं त्या क्षणावर साऱ्या भाषांतली माणसं पोट धरधरून हसली. काकांनी त्याखालचे लोकांचे शेरे रोज उघडून पाहिले, एक तरी माणूस म्हणेल, 'माझा नळ थांबला, आभारी आहे.' कोणी म्हणालं नाही. लेकीचा नळदुरुस्तीचा भाग सगळ्यांनीच बोटाने पुढे सरकवला होता.

तुम्ही हसताय, हसा. पण आत्ता, इथे, याच गोष्टीत, त्या पोरीने सगळं काम क्रमाने सांगितलं होतं. वायसरची कुठली बाजू खाली ठेवायची म्हणाली ती? वर जाऊन बघू नका. पाणी काकांच्या तोंडावर कसं बसलं, ते मात्र अगदी लख्ख आठवत असेल.