पाच मिनिटं हात न लावता

“पयली माजी ओवी गं, रेल्वेच्या कारकुना, घरी आला तरी ह्याचं मन कागदांत पुन्हा...”

लालागुड्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये सुपात ज्वारी पाखडत बसलेल्या नव्या नवरीचा, पंचफुलाचा, हा आवाज सूर्यभान यांनी ऐकला, त्याला बत्तीस वर्षं झाली. तेव्हा ते रागावले नव्हते, उलट फुशारले होते. कागदांत मन ठेवण्याचाच तर ते पगार घेत. पुढं रेल्वेच्या रेकॉर्ड विभागातून निवृत्त होताना गळ्यातला हार सावरत त्यांनी भर सभेत सांगितलं, “माझ्या हातून गहाळ झालेला एक कागद दाखवा, पेन्शन सोडून देतो.” कुणाला दाखवता आला नाही. पंचफुला पहिल्या रांगेत बसून हसली होती. त्यानंतर सहा महिन्यांत ती गेली.

कागद इतके सांभाळले, पण पंचफुलाचे फोटो म्हणावे तर घरात दोनच. लग्नातल्या फोटोत तिनं मान इतकी खाली घातलेली, की नुसता भांग दिसे. रेशनकार्डावरच्या फोटोत सरकारी शिक्का बरोबर नाकावर बसलेला. खरे फोटो होते ते कम्प्युटरात. गीतानं, त्यांच्या लेकीनं, एका रविवारी कंपनीतल्या मैत्रिणीचा डिजिटल कॅमेरा आणून गच्चीवर सतरा फोटो काढले होते. वाळवणाजवळ पंचफुला, कावळा हाकलणारी पंचफुला, ‘पुरे गं आता’ म्हणून पदर तोंडाला लावून हसणारी पंचफुला.

ते फोटो गीतानं स्क्रीनसेव्हरला लावून ठेवले. कम्प्युटरला पाच मिनिटं कुणी हात लावला नाही, की एकामागून एक यायचे. तो जुना, हंड्याएवढ्या पोटाचा मॉनिटर. त्यावर एकच चित्र फार वेळ राहिलं तर काचेवर त्याचा डाग पडतो, म्हणून ही राखण, असं तिनं समजावलं होतं. पंचफुला गेली, पण राखण कुणी काढली नाही.

तेव्हापासून सूर्यभान रोज चार वाजता चष्मा पुसून कम्प्युटरसमोर बसू लागले. दोन्ही हात मांडीवर. पाच मिनिटं श्वाससुद्धा बेतानं, न जाणो माऊस हलायचा.

शेजारचे भगवंतराव एकदा डोकावले. “काय चाललंय?”

“कम्प्युटर शिकतोय.”

“हात तर मांडीवर आहेत.”

“आधी थिअरी असते.”

गीता कंपनीत कौतुकानं सांगायची, आमचे बाबा साठीत कम्प्युटर शिकतायत. आणि सूर्यभान साऱ्या तारनाका वस्तीत कम्प्युटरवर सगळ्यात जास्त वेळ बसणारे आणि सगळ्यात कमी काम करणारे गृहस्थ झाले.

एका शनिवारी गीता रिक्षातून नवा स्क्रीन घेऊन आली. पापडासारखा पातळ, भिंतीला टेकून उभा राहील असा. जुना मॉनिटर त्याच रिक्षातून परत गेला. चार वाजता सूर्यभान बसले. पाच मिनिटं झाली आणि स्क्रीन काळा पडला. काळ्या काचेत एक म्हातारा तेवढा दिसला, चष्मेवाला.

“गीते, ह्याची राखण कुठं गेली?”

“स्क्रीनसेव्हर? ह्याला लागत नाही बाबा. ह्यात डाग पडत नाही. उलट चित्रं फिरत ठेवली तर आतला दिवा उगाच जळतो. त्यापेक्षा बंद झालेला बरा.”

“तरी पण, राखण असलेली चांगली.”

“काइकू? चोर येतो का त्यात?”

“वस्तू नवी आहे. नव्या वस्तूला जपावं.”

“तेच तर करते ना मी,” गीता म्हणाली आणि पर्स उचलून आत गेली.

सूर्यभान यांना ‘मला ती बघायची आहे’ एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. पण बायकोच्या आठवणीनं घरात कुढत बसतो हे बापानं लेकीला सांगावं कसं? त्यांनी चार दिवस वीज, काच, दिवा या विषयांवर वाद घातला आणि चारही दिवस हरले. मग त्यांनी खाजा मियाँना बोलावलं.

खाजा मियाँ चौकातले रेडिओ-टीव्हीवाले. वीस वर्षं वॉल्व्ह बदलले, आता काळ बदलला म्हणून कम्प्युटरही उघडत. त्यांनी माऊस हलवला. स्क्रीन लख्ख.

“ये तो एकदम फर्स्ट क्लास है, सूर्यभान साब.”

“पाँच मिनट में काला होता.”

खाजा मियाँ थांबले. पण त्यांचा हात पाच मिनिटं स्वस्थ राहणाऱ्यातला नव्हता. कधी माऊस पुसायचे, कधी कीबोर्ड झटकायचे. स्क्रीन काळा होईचना. डॉक्टर आला की ताप उतरणाऱ्या रोग्यासारखं चाललं होतं. ते गेले, की पाच मिनिटांत काळोख. दोन वेळा हेच झालं. तिसऱ्या वेळी मियाँही चिडले.

“साब, आखिर होना क्या आपकू?”

“पाँच मिनट के बाद कुछ आना.”

“क्या आना?”

“जो आता था.”

“क्या आता था?”

सूर्यभान यांनी खिडकीबाहेर पाहिलं. “कुछ तो आता था,” ते म्हणाले.

मियाँनी मान डोलावली. वायरस म्हणाले. सगळं पुसून नव्यानं भरावं लागेल म्हणाले. मग पेचकस खिशाला लावत रीतसर विचारलं, “अंदर कुछ काम की चीज तो नहीं ना?”

बत्तीस वर्षं ज्यांनी रद्दीचा कागदसुद्धा तीन सह्यांशिवाय फाडू दिला नाही, त्या सूर्यभान यांना घाम फुटला. परक्या माणसापुढं काय सांगायचं? आमच्या मंडळी आहेत आत, गच्चीवर, कावळा हाकलतायत?

“काम की?” ते म्हणाले. “नहीं. काम की कुछ नहीं.”

मियाँनी दीड तास खपून कम्प्युटर नवा कोरा केला. वर हिरवी टेकडी, निळं आभाळ. साहेबांच्या समाधानासाठी एक स्क्रीनसेव्हरही लावून दिला. दोघं हात मांडीवर ठेवून बसले. पाच मिनिटं झाली आणि नळ आले. रंगीत नळ, एकातून एक फुटणारे, वळणारे, सगळा स्क्रीन भरून टाकणारे.

“आया ना?” मियाँ खूश.

तारनाक्यात नळ दिवसाआड यायचे, इथं दर पाच मिनिटांनी येऊ लागले. सूर्यभान वाट पाहत राहिले. नळांनंतर ती येईल. नळ संपले, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. ती आली नाही.

“मियाँ, अंदर फोटो थे.”

खाजा मियाँचा चेहरा उतरला. “आपीच बोले ना, कुछ नहीं बोलके.” चष्मा काढून ते खुर्चीवर बसले. “किसके थे साब?”

“घरवालों के.”

मियाँचा जीव भांड्यात पडला. “तो टेन्शन नक्को लेव. मेरे भतीजे के पास कॅमेरा है. इतवार कू आता मैं, घरवालों कू बिठा देव लाइन से. फिर से खींच लेंगे.”

सूर्यभान यांनी हो म्हटलं. मियाँना चहा दिला, जिन्यापर्यंत सोडलं. परत येऊन त्यांनी कम्प्युटरवर टॉवेल टाकला. झाकलेलं ते यंत्र पाहवेना, म्हणून पुन्हा काढला. सात वाजता गीता आली, तर बाबा कणीक मळत होते आणि कणकेत पाणी एवढं झालं होतं की तिच्या पोळ्या होणं शक्य नव्हतं.

“जरा मेल बघते,” ती म्हणाली.

“नको. तापलाय तो.”

“कम्प्युटर?”

“सकाळपासून. विश्रांती दिलीय.”

गीतानं माऊस हलवला. नळ गेले, हिरवी टेकडी आली. सूर्यभान कणकेचे हात तसेच धरून दारात उभे होते.

“गीते, मी काही शिकत नव्हतो,” ते म्हणाले. “मी तिला बघायला बसायचो. राखण काढलीस तेव्हा सांगता आलं नाही. मियाँनी विचारलं तेव्हाही सांगता आलं नाही. सगळं पुसलं त्यांनी. सतराच्या सतरा. कामाचं काही नाही, असं माझ्याच तोंडानं म्हणालो मी.”

गीता वळली नाही.

“बाबा, फोटो त्यात नव्हतेच.”

“म्हणजे?”

“मी आधीच काढून घेतले. सीडीवर आहेत, माझ्या ऑफिसच्या खणात. उद्या आणते.”

सूर्यभान स्टुलावर टेकले. स्टुलाला कणीक लागली. तीन खेपा, दीड तास, रविवारचं आमंत्रण, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं.

“मग ते डाग पडत नाही म्हणालीस, ते खोटं?”

“ते खरंय. पण राखण त्यासाठी नव्हती काढली.” गीता आता त्यांच्याकडं बघत होती. “मागच्या महिन्यात एकदा कामावरून आले, दार उघडलं, तर समोर स्क्रीनवर आई हसत होती. डोकं इतकं दुखत होतं, मला काही आठवलंच नाही. मी चपला काढता काढता म्हणाले, आई, चहा टाक गं. मोठ्यानं म्हणाले. तुम्ही आत होता. आणि तुम्ही काही न बोलता चहा टाकलात, बाबा. कप आणून माझ्या हातात दिलात आणि परत आत गेलात. दुसऱ्या दिवशी मी जाऊन हा स्क्रीन आणला.”