लोकरीचा पेढा, लोकरीची बर्फी

माझी नात अर्पिता हिचं डोहाळजेवण रविवारी अंबडला होतं. गोड खायला डॉक्टरांची सक्त मनाई. परंतु दोन वाट्यांखाली पेढा आणि बर्फी झाकायची, पोटुशीनं एक वाटी उचलायची, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, ही बाब डॉक्टरांच्या अधिकारकक्षेत येत नाही. म्हणून मी क्रोशानं दोन्ही विणले. पेढ्यावर हिरवी वेलची, बर्फीला चंदेरी दोऱ्याचा वर्ख.

"आज्जी, मला पोरगीच पाहिजे," अर्पिता फोनवर म्हणाली होती. "बर्फी जरा ठसठशीत विण."

डबा पाठवायला जालन्यात एका पार्सल कार्यालयाच्या खिडकीशी गेले. आत भुजंग नावाचा कारकून.

"आजी, डब्यात काय हाय?"

"पेढा आणि बर्फी."

"नाशवंत माल घेत न्हाई."

"लोकरीचा आहे रे."

"मंग कोणत्या तारखेपर्यंत खायचा?"

"खायचाच नाही."

"म्हणजे खराब. खराब माल तर बिलकुल घेत न्हाई."

त्यानं साहेबांना बोलावलं. त्यांनी पेढा हुंगला, बर्फी चावली आणि शेरा लिहिला: 'नमुना चिवट. दाणेदारपणा आढळला नाही.'

आमच्या काळी डिंकाचे लाडू फडक्यात बांधून कंडक्टरच्या हाती दिले की बराबर पोचत. दोनच कमी भरत.

शेवटी गुडघे चोळत मीच बसमध्ये बसले.

रविवारी अर्पितानं वाटी उचलली. बर्फी! ती खुदकन हसली. मंडपात मात्र लाइट गेल्यासारखं झालं.

"ही तालीम होती," तिच्या सासू दैवशालाबाई म्हणाल्या. "उचल पुन्हा."

पुन्हा बर्फी.

दैवशालाबाईंनी चष्मा लावून बर्फीची तपासणी केली. "हिच्यावर दात उमटलेत कोणाचे तरी. उष्टी बर्फी धरत न्हाईत!"

बर्फी रीतसर बाद झाली. उरलेल्या एका वाटीतून अर्पितानं आपल्या मर्जीनं निवड करावी, असं ठरलं. पेढा निघाला. टाळ्या कडाडल्या.

सवयीनं मीही वाजवल्या. माझ्या वेळी पाचव्या फेरीला पेढा निघाला होता. तो पेढा म्हणजे अर्पिताची आई, माझी उषा.

अर्पितानं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिच्या मुठीत उष्टी बर्फी होती.

लोकर चावणाऱ्या साहेबाला तुम्ही हसलात, ते ठीकच. आता खरं सांगा, पहिली वाटी उचलली तेव्हा तुम्ही मनात काय मागत होतात?