सव्वा लाख गुणिले बावीस फूट

"सुतळी ताणून धरा रे! ढिली सुतळी खोटं बोलते!"

खडवलीच्या शाळेत परशुराम मास्तर हे वाक्य इतक्या वेळा म्हणत, की आजही कपडे वाळत घालायची दोरी बांधताना माझे हात आपोआप ताठ होतात. भूमितीत मला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळाले होते! दोन मार्क गेले ते ऐन वेळी पेन्सिलीचं टोक मोडलं म्हणून, नाहीतर... असो. देवाच्या कृपेने मला गर्व नाही. हे अठ्ठेचाळीस मार्क मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासरच्या सगळ्यांना सांगून टाकले होते खरे, पण हळू आवाजात.

म्हणून आठवीतल्या आमच्या हेमाने चाचणी परीक्षेत भूमितीला पन्नासपैकी नऊ मार्क आणले, तेव्हा मी यांना म्हटलं, "शिकवणी-बिकवणी काही नको. शुक्रवारी पुन्हा पेपर आहे ना? तोवर वर्तुळ मी तिच्या हातात आणून ठेवते!"

हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "तिच्या हातात ठेव. आमच्या गळ्यात घालू नकोस म्हणजे झालं."

यांचा माझ्यावर विश्वास आहे. तो बोलण्यात दिसत नाही इतकंच.

आता वर्तुळ शिकवायचं तर वहीत कशाला? आमच्या डोंबिवलीत, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दत्ताचं देऊळ आहे. देवळामागे औदुंबर, औदुंबराला गोल पार आणि पाराभोवती साडेतीन फूट रुंदीची गोल फरशी. रोज दुपारी चारला औदुंबराला एकशे आठ प्रदक्षिणा घालायच्या हा माझा नेम, आणि त्याही मौनात. मध्येच तोंडातून शब्द गेला की मोजणी पुन्हा एकपासून!

या फरशीवर बायकांच्या जागा ठरलेल्या होत्या. पाराला लागून आतली कड दगडाबाईंची. दगडाबाई खाडीवरच्या कोळीवाड्यातल्या. सकाळी बाजारात मासळी विकायच्या, दुपारी डोक्यावरून आंघोळ करून, स्वच्छ लुगडं नेसून औदुंबराकडे यायच्या. एक हात पाराच्या कठड्यावर, दुसऱ्या हातात फेऱ्या मोजायच्या चिंचोक्यांची पिशवी, आणि चाल अशी की गिरणीचा पट्टा फिरावा! त्यांचा नवरा नामा एकदा होडीसकट दोन दिवस बेपत्ता झाला होता. तिसऱ्या दिवशी जिवंत परत आला. त्यासाठी दगडाबाई सव्वा लाख प्रदक्षिणा बोलल्या होत्या. रोज एकशे आठ प्रमाणे तीन वर्षं दोन महिने झाले होते, आणि येत्या गुरुवारी, दत्तजयंतीला, शेवटची प्रदक्षिणा पडायची होती. गुरुवारी उद्यापन! साऱ्या कोळीवाड्याला जेवणाचं बोलावणं गेलेलं.

त्या सोमवारी मी हेमाच्या हातात सुतळी आणि फूटपट्टी दिली. "माझ्या प्रदक्षिणा होईतो फरशीच्या आतल्या कडेचा परीघ मोज, मग बाहेरच्या कडेचा. सुतळी ताणून धर!" एवढं सांगून मी मौन धरलं आणि बाहेरच्या कडेने चालू लागले.

मुलीने काम चोख केलं. हेच तर वाईट झालं.

माझी एकशे सहावी चालू होती. हेमा पाराजवळून ओरडली, "आई! आतला परीघ बावीस फूट, बाहेरचा चव्वेचाळीस! बरोब्बर दुप्पट!"

"म्हणजे काय गं?" शेजारच्या इमारतीतल्या नीलाने चालता चालता विचारलं. नीलाला मौन बिलकुल झेपत नाही. तिच्या प्रदक्षिणांत देव कमी आणि गप्पा जास्त.

"म्हणजे नीलामावशी, आतून चालणारी बाई बाहेरचीच्या निम्मंच चालते!"

सगळ्या फरशीवरचे पाय थांबले. सगळ्या माना आतल्या कडेकडे वळल्या.

मी हेमाला गप्प करायला दोन बोटं वर केली. दोनच राहिल्यात, तोवर तोंड मीट, एवढाच त्याचा अर्थ!

नीला किंचाळली, "बघा! हेमाच्या आईपण सांगतायत, दुप्पट! भूमितीत अठ्ठेचाळीस आहेत त्यांना!"

मी जोरजोरात दोन्ही हात हलवले. नाही, नाही!

"काय म्हणता? एकसुद्धा धरायची नाही?" नीला कपाळावर हात मारत म्हणाली. "अगं बाई, वहिनी तर अगदीच कडक निघाल्या!"

दोन प्रदक्षिणांना लागतं मिनिटभर. पण त्या मिनिटभरात जे व्हायचं ते होऊन गेलं. माझं मौन सुटेतो दगडाबाई पारावर खाली बसल्या होत्या, चिंचोक्यांची पिशवी मांडीवर घेऊन.

"काय गो बाय," त्या मला म्हणाल्या, "तीन वर्सं मी देवाला फशिवला?"

बाजारात ज्यांच्या आवाजाने गिऱ्हाइकं दोन पावलं मागे सरत, त्या बाईचा आवाज इतका बारीक झालेला मी प्रथमच ऐकला.

"नाही हो दगडाबाई! असं मुळीच नाही. आणि काही कमी पडलंच, तर उरलेल्या मी घालीन!"

एरवी मी इतकी हळू बोलते, की वाणी मला साखरेऐवजी साबुदाणा देतो. नेमकं हेच वाक्य गाभाऱ्यापर्यंत पोचलं.

हेमाने वहीच्या मागच्या पानावर लगेच हिशेब मांडला. "आई, उरलेल्या म्हणजे बासष्ट हजार पाचशे."

घरी हे म्हणाले, "रोज एकशे आठ प्रमाणे पाचशे एकोणऐंशी दिवस. तोवर माझा डबा कोण करणार, तेवढं सांग."

मंगळवारी आतल्या कडेला पाय ठेवायला एकही बाई तयार नाही! पन्नास बायका बाहेरच्या कडेवर, एकमेकींच्या टाचा तुडवत. दगडाबाई तर बाजूला नुसत्या बसून. देवळाची व्यवस्था पाहणारे भाऊ शाळेत कवायत शिकवून निवृत्त झाले होते. त्यांच्या गळ्यातली शिट्टी मात्र निवृत्त झाली नव्हती. त्यांनी खडूने फरशीवर तीन पट्टे आखले.

"ऐका! आतल्या पट्ट्यात दोन फेऱ्या म्हणजे एक! मधल्यात दीड म्हणजे एक! बाहेरची एक म्हणजे एक!" आणि फुर्रर्र!

"भाऊ, माझी अर्धी फेरी कुठे संपते?"

"तुळशीपाशी!"

"तुळशीपाशी माझी पाऊण झाली, उरलेली पाव नीलाला देऊ का?"

"अहो भाऊ, ही मधल्या पट्ट्यातून आतल्यात घुसली!"

अर्ध्या तासात कुणाची कितवी हे साक्षात दत्तालाही सांगता आलं नसतं. भाऊंची शिट्टी बसली, मग भाऊ बसले.

बुधवारी नीलाने नवीनच टूम काढली. "फरशीवरच फिरायला हवं असं कुठे लिहिलंय? जेवढं मोठं वर्तुळ, तेवढं जास्त पुण्य! मी दीपमाळेच्या बाहेरून जाते." ती दीपमाळेबाहेरून निघाली तशी दुसरी फुलवाल्याच्या पलीकडून. तिसरी म्हणाली, मग मी पिठाच्या गिरणीला वळसा घालून! साडेचार वाजता आम्हा पन्नास बायकांचं वर्तुळ देऊळ, गिरणी, नळ, सायकलचं दुकान आणि रिक्षा स्टँड एवढं सगळं पोटात घेऊन फिरत होतं. (होय, मीही त्यात होते. अठ्ठेचाळीस मार्कवालीने मागे कसं राहायचं?)

रिक्षावाला पोपट तोंडातला विडा सांभाळत ओरडला, "ओ ताई! मी गाडीत बसलोय आणि तुम्ही माझ्याभोवती फिरताय! नारळ फोडणार का आता?"

"बाजूला घे ना रिक्षा!"

"कुठं घेऊ? जिकडे नेतो तिकडे तुमचा परीघ येतो!"

मी नेहमीप्रमाणे मौनात. हेमा वही घेऊन माझ्या बाजूने धावत होती. शुक्रवारचा पेपर डोक्यावर होता, आणि मुलीला नेमकी आत्ताच भूमितीची गोडी लागलेली.

"आई, बाईंनी सांगितलंय, वर्तुळाच्या आत जेवढी जागा येते ते सगळं क्षेत्रफळ. हो ना?"

मी मान हलवली. अगदी बरोबर!

"मग आपल्या क्षेत्रफळात देऊळ आलं, गिरणी आली, पोपटकाकांची रिक्षा आली..." बोटं मोजता मोजता ती थबकली. "आणि आई, मुतारीपण आलीय."

माझे पाय जागीच खिळले. गिरणीच्या मागे ती... ती जागा होती खरी! मधोमध नसेल, पण आत होती. प्रदक्षिणा ज्याच्याभोवती घालतो त्याला आपण उजव्या हाताला ठेवतो, म्हणजे मान देतो. तासभर आम्ही पन्नास बायका हात जोडून, डोळे अर्धे मिटून कुणाकुणाला मान देत होतो, ते ऐकल्यावर मागून "अगं आई गं!", "शिव शिव!", "नीले, तुझ्या जिभेला काही हाड!" असे आवाज उठले. माझं मौन सत्त्याण्णवाव्याला मोडलं. जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

वर्तुळ जागच्या जागी फुटलं. सगळ्या घरी जाऊन पुन्हा आंघोळ करून आरतीला आल्या. त्या दिवशी आमच्या गल्लीत सहा वाजताच टाक्या रिकाम्या झाल्या.

आरतीला दगडाबाई कोपऱ्यात उभ्या होत्या. उद्याच्या उद्यापनाचं जेवण रद्द करून टाकते म्हणत होत्या. "मुकाटपने सांगून टाकीन, माझा नवस फुका गेला. अर्ध्याचा उद्यापन कसा करू?" नामा त्यांच्या शेजारी उभा होता. तो खाडीच्या पाण्याला घाबरला नसेल इतका बायकोच्या चेहऱ्याला घाबरलेला दिसला.

आरती संपली. सगळ्यांनी हात जोडले आणि नेहमीसारखी जागच्या जागी, स्वतःभोवती एक प्रदक्षिणा घातली.

हेमा अर्ध्यातच थांबली. "आई, आत्ता आपण जी घातली, तिची त्रिज्या किती?"

"गप गं. आरतीत कसली त्रिज्या?"

"सांग ना! मी माझ्याच जागी फिरले. म्हणजे त्रिज्या शून्य. परीघही शून्य! शून्य फूट चालले. तरी देव ती पूर्ण धरतो ना?"

भाऊंनी घंटेची दोरी सोडली. "धरतो की. शंभर वर्षं धरतोय."

"मग फुटांवर नाहीच मुळी! फिरण्याचा कोन धरायचा!" हेमाचे गाल लाल झाले होते. नऊ मार्कवाल्या माझ्या मुलीने दप्तरातून कोनमापक काढून सगळ्यांसमोर धरला. "आतून फिरा, बाहेरून फिरा, गिरणीला वळसा घाला, नाहीतर जागच्या जागी फिरा. एका फेरीत तीनशे साठ अंशच होतात! दगडामावशी, तुमच्या सगळ्या पूर्ण आहेत!"

दगडाबाईंनी विचारलं, "सवा लाख?"

"उद्या मधल्या दिवसांच्या राहिलेल्याही घातल्या की सव्वा लाख!"

दगडाबाईंनी हेमाचं डोकं दोन्ही हातांनी धरून कानशिलावर बोटं मोडली. नामा एकदम खाली बसला. भाऊंनी घंटा अशी बडवली, की पोपट रिक्षा सोडून बघायला आला.

मी मात्र हळूच खांबाआड झाले. अठ्ठेचाळीस मार्क घेऊन मी तीन दिवस परीघ परीघ करत फिरले, आणि कोन माझ्या ध्यानात आलाच नव्हता!

गुरुवारी उद्यापन झालं. कोळीवाडा जेवला, आम्हीही जेवलो. निघताना मी दगडाबाईंच्या हातावर हात ठेवला. "सुटलो बाई आपण दोघी!"

"दोगी?" दगडाबाईंनी पदराला हात पुसले. "मी सुटली. तू कवा सुरू करते?"

"मी? अहो, पण तुमच्या तर पूर्ण झाल्या ना!"

"माझ्या झाल्या. पन तू देवाच्या दारात बोललीस ना गो, उरलेल्या मी घालीन?"

"पण उरलेल्या काही नाहीतच!"

"तवा किती बोललेली पोर? बासष्ट हजार ना? मी मोजल्या नव्हत्या, तुझ्या पोरीनं मोजल्या." त्या हसल्या. सगळे दात दिसले. "मना काय? तुझा शबुद, तुझा देव."

शुक्रवारी हेमा पेपर देऊन आली. 'समान केंद्र असलेल्या दोन वर्तुळांवर दोघे एकेक फेरी मारतात, जास्त कोण चालला?' असा प्रश्न आला होता म्हणे. हेमाने उत्तर लिहिलं होतं, 'दोघांना सारखंच पुण्य.' मी तिला कोणत्या तोंडाने रागावणार?

त्याच दुपारी तीन वाजता, हेमा झोपलेली, बिल्डिंग झोपलेली, अशा वेळी मी दाराची कडी आवाज न करता काढली. माझ्या नेमाच्या एकशे आठ चारला होत्याच, या वेगळ्या. देवळात चिटपाखरू नव्हतं. मी चपला काढल्या, हात जोडले, मौन धरलं. एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा भाऊंच्या खोलीकडे.

आणि आतल्या कडेने चालू लागले. कोन तेवढाच होतो ना!