गच्चीवरचं पुणं

आमच्या शेजारच्या विनायकरावांना कोणी प्रकृती विचारली, तर ते रेडिओच्या एरियलची सांगत. सर्दी झालेली त्यांना, पण म्हणणार, "आज जरा खरखर आहे."

डोंबिवलीच्या आमच्या दोन्ही घरांच्या सामाईक गच्चीवर दोन बांबू रोवून त्यांनी रेडिओसाठी तांब्याची तार ताणली होती. मुंबई काय, कोणाचीही लागते. त्यांना घाटापलीकडचं, नवीन निघालेलं पुणं केंद्र हवं होतं. त्यापायी बांबू कधी उंच होत, कधी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जात. माणूस एकटा, पन्नाशीचा, बँकेत नोकरीला. संसाराची सगळी हौस त्या तारेवर.

मी व्यवहारी बाई. मला ती तार म्हणजे आयती वलणी दिसली. सासूबाईंचं सोवळ्याचं लुगडं कोणी शिवणार नाही अशा जागी वाळायला हवं, आणि तार तर काठीशिवाय पोहोचू नये इतकी उंच. घातलं वाळत. तारेला झोळ आला, ओला पदर कठड्याला टेकला, आणि खाली त्याच सकाळी पहिल्यांदा लागलेलं पुणं बंद पडलं.

विनायकराव धावत वर आले. मीही पदर खोचून तयार होते. पण ते लुगड्याकडे बघतच राहिले. मग सासूबाईंना म्हणाले, "काकू, माझ्या तारेलाही सोवळंच लागतं. कुठं टेकली की विटाळली." तार बांबूला शिवू नये म्हणून टोकांना बसवलेले चिनी मातीचे पांढरे गट्टे त्यांनी दाखवले. सासूबाईंना ते एकदम पटलं. घरात एवढी शिकलेली माणसं, पण कळतं ते शेजाऱ्याला, असं मला ऐकवूनही झालं.

रविवारी विनायकरावांनी तार आणखी वर नेली आणि खाली सासूबाईंसाठी काथ्याची दोरी बांधली. तिलाही दोन गट्टे. दोरीला ते कशाला, मी विचारलं.

"सोवळं म्हणजे सोवळं, वहिनी."

तेव्हापासून रोज सकाळी लुगडं वाळत घातलं की सासूबाई कठड्यावरून विचारत, "विनायका, लागलं का रे तुझं पुणं?"

"अजून खरखर आहे, काकू."

पुढे एका थंडीत सासूबाई गेल्या. तेरावं झाल्यावर मी दोरी सोडून गुंडाळून ठेवली. चार दिवसांनी विनायकराव दारात. दोरी काढल्यापासून पुणं नीट लागत नाही म्हणाले. काथ्याचा आणि रेडिओचा काय संबंध, असं शास्त्र मी त्यांनाच शिकवलं.

"तेही खरंच," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी दोरी बांधली, गट्ट्यांसकट. सोवळं मी पाळत नाही. माझं रोजचं पातळ काठीने वर चढवताना दोनदा माझ्याच डोक्यावर पडलं. मग कठड्याशी जाऊन विचारलं, "विनायकराव, लागलं का तुमचं पुणं?"

"अजून खरखर आहे, वहिनी."

त्यांच्या खिडकीतून पुणं केंद्रावरचे गुळाचे भाव मला गच्चीवर स्वच्छ ऐकू येत होते.