पोस्टातला पाणबुड्या

गंगाखेडच्या पोस्टात तिकीट घ्यायला गेलं आणि खिडकीत खंदारे असले, की आधी त्यांच्या गालांकडे बघावं लागे. गाल फुगलेले असतील तर गिऱ्हाइकानं गप्प उभं राहायचं. खंदारे एक बोट वर धरून समोरच्या घड्याळाकडे डोळे वटारून बघत असत. चेहरा हळूहळू वांग्याच्या रंगावर जाई. मागं रांग वाढे. मनीऑर्डरीला आलेली एखादी म्हातारी घाबरून "अगं माय, सायबाला काय झालं?" म्हणे, आणि रोजचे लोक तिला समजावत, "काय न्हाई झालं. साहेब पाण्याखाली हायत. येतील वर."

मग फुस्स करून श्वास सुटे, काउंटरवरची तिकिटं उडत, आणि काहीच न घडल्यासारखे खंदारे विचारत, "हां, बोला. साधं का रजिस्टर?"

मी तिथल्या ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायचो आणि खंदाऱ्यांच्या शेजारी भाड्यानं राहायचो, त्यामुळे हा माणूस मला खिडकीबाहेरही मिळाला. त्यांना स्कूबा डायव्हिंगला जायचं होतं. म्हणजे पाठीवर हवेचं नळकांडं बांधून समुद्राच्या तळाशी. तेही कुठल्याही समुद्राच्या नाही. अंदमानाच्या पलीकडं भर पाण्यात एक बेट आहे, जे बेट कमी आणि ज्वालामुखी जास्त आहे, त्याच्या पायथ्याशी. परभणी जिल्ह्यातून कुठल्याही दिशेनं निघालं तरी समुद्र सारखाच लांब पडतो, ही गोष्ट त्यांच्या खिजगणतीत नव्हती.

"सगळं ठरलंय सर," ते म्हणत, "फक्त बोटीचं बाकी हाय."

'फक्त अमुक बाकी हाय' हे त्यांचं पालुपद. बोटीचं कळलं की रजेचं बाकी असे, रजेचं जमलं की हवामानाचं. एकदा तर ज्वालामुखीचंच बाकी होतं. कित्येक पिढ्या गप्प बसलेला तो डोंगर पुन्हा धुमसायला लागल्याची बातमी आली होती. दुसरा कुणी असता तर बेत रद्द करून तिरुपतीला गेला असता. खंदारे पेपर घेऊन धावत आले. "बघा सर, बोलायला लागला! इतकी वर्षं गप होता बिचारा."

या सगळ्याचं मूळ रद्दीच्या दुकानात होतं. तिथं तराजूत पडलेलं एक इंग्रजी रंगीत मासिक त्यांनी उचललं. त्यात काळ्या वाळूवर गुडघे टेकून बसलेल्या एका पाणबुड्याचं चित्र होतं. ते पान त्यांच्या खिशात घडी घालघालून फाटलं, मग चिकटपट्टीवर जगलं. "किती निवांत बसलाय बघा," असं ते कौतुकानं म्हणत.

स्वतः खंदारे बसलेले मी पाहिले नव्हते. चहा उभ्यानं. बोलताना अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या, त्यामुळे ऐकणाऱ्याची मान दुखे. संध्याकाळी स्टेशनावर जाऊन, कुणी येणार नसताना, आलेली गाडी बघत. तिथून एसटी स्टँड. तिथून गोदावरीचा घाट. घाटावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्याकडे बघत आणि कोरड्या पायांनी घरी येत. त्यांच्या बायको कमलताई मला म्हणाल्या होत्या, "ह्यांच्या पायाला भिंगरी हाय. समुद्राच्या तळाशी गेले तरी येरझारा घालतील. मासे कटाळून वर येतील."

एकदा मी पेपर तपासत असताना ते घरात घुसले आणि विचारू लागले, "सर, तुमच्या घराखाली काय हाय?"

"उंदीर," मी म्हणालो.

"त्याच्या खाली?"

"दगड असेल."

"काळा दगड. अन् तो दगड म्हणजे काय? थंड झालेला लाव्हा! आपली काळी जमीन म्हणजे त्याचाच भुगा. म्हणजे आपण ज्वालामुखीवरच राहायलोत की. फक्त पाणी बाकी हाय."

मराठवाड्याचं इतकं नेमकं वर्णन मी त्याआधी कुणा विद्वानाकडून ऐकलं नव्हतं.

नोकरी केंद्र सरकारची, त्यामुळे काही वर्षांतून एकदा कुटुंबासह भारतात कुठंही जाण्याची सवलत त्यांना होती. अर्ज गेला. वरच्या ऑफिसनं विचारलं, प्रवासाचं अंतिम ठिकाण समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे? खंदाऱ्यांनी प्रामाणिकपणे कळवलं: पंधरा मीटर, खाली. त्यानंतर तो कागद बराच फिरला. पण सरकारी यंत्रणेत एखाद्या गोष्टीला नकार देण्यासाठीही नियम लागतो, आणि खाली जाऊ नये असा नियम सापडेना. अर्ज मंजूर झाला.

ते नव्वदीच्या सुरुवातीचे, नामांतराचे दिवस. विद्यापीठाचं नाव बदला म्हणून एक मोर्चा निघे, बदलू नका म्हणून दुसरा, आणि दोन्ही दिवशी एसटी बंद. पहिल्या मोर्चात खंदारे सगळ्यात पुढं असत. चालण्याचा त्यांना प्रश्नच नव्हता. मोर्चालाच त्यांच्यामागं धावावं लागे. दुसऱ्या दिवशी खिडकीत पुन्हा गाल फुगवून तयार.

आणि मग पोर्ट ब्लेअरहून उत्तर आलं. तिथं नौदलातून निवृत्त झालेला एक माणूस लोकांना पाण्याखाली नेत असे. त्याची अट एकच होती: पोहता आलं पाहिजे.

खंदाऱ्यांना पोहता येत नव्हतं.

"हे काय लॉजिक हाय सर?" ते अंगणात गरागरा फिरत होते. "पवणं म्हणजे वर राहायचं. मला वर राहायचंच न्हाई! मला खाली जायचंय. ती कला तर माणसाला जन्मतःच येती!"

पण नौदलाचा माणूस हटेना. सवलतीची मुदत त्या वर्षअखेर संपत होती. पुढची सवलत मिळेपर्यंत खंदाऱ्यांच्या गुडघ्यांनी काम सोडलं असतं. म्हणजे पावसाळ्याच्या आत पोहायला शिकायचं, नाहीतर ते चिकटपट्टीचं पान खिशातच राहणार. त्या आठवड्यात त्यांनी खिडकीत श्वास रोखला नाही. रांग भराभर सरकली आणि लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

आमच्याकडं पोहायला शिकायचं म्हणजे शेतातल्या विहिरीत. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि काकानं मागून ढकलायचं. मी म्हणालो, "त्यात काय? आमच्या बापूच्या विहिरीवर चला." बापू माझा धाकटा भाऊ, सोनपेठच्या रस्त्यावर आमचं गाव आहे, तिथली शेती तो बघतो.

खंदारे चालता चालता थांबले.

"भावाला विचारलं का?"

"विचारायचं काय त्यात?"

"विचारा," ते म्हणाले. "घरात पण विचारायला सांगा." आणि पुन्हा चालू लागले.

बाजारच्या दिवशी बापू गंगाखेडला आला तेव्हा मी विचारलं. तो हसला. "दादा, ईचारायचं काय? पाणी काय झिजायलंय का त्यांच्या पवण्यानं?" मग पिशवीची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधत म्हणाला, "आई असती तर ईचारावं लागलं असतं."

खंदाऱ्यांना मी या उत्तराचा पहिला अर्धा भाग सांगितला. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि दुसरा अर्धा विचारला नाही.

रविवारी आम्ही गेलो. पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी घालून खंदारे विहिरीच्या पायऱ्या उतरले आणि बापूनं त्यांच्या पाठीला गोडेतेलाचा रिकामा डबा आवळला. खंदारे हरखले. "सर, बघा! हुबेहूब चित्रातला!" फरक एवढाच, की तिकडं तो डबा खाली जाण्यासाठी बांधतात आणि आमच्याकडं वर राहण्यासाठी.

कमरेला दोर बांधून दोराचं टोक बापूच्या हातात दिलं होतं. ढकलल्याबरोबर खंदाऱ्यांच्या नाकातोंडात पाणी गेलं आणि त्यांनी अंगठा वर केला.

"वा! साहेब म्हणायलेत झकास हाय!" बापू म्हणाला आणि त्यानं दोर आणखी सैल सोडला.

खंदारे पुन्हा बुडाले, पुन्हा वर आले, आता दोन्ही अंगठे वर.

"लय खूश हायत," बापू मला म्हणाला.

अखेर वर ओढल्यावर पायरीला धरून ते खोकत खोकत ओरडले, "अंगठा म्हणजे वर घ्या! जगभर पाणबुड्यांचा नियम हाय!"

"आन् झकास असलं तर काय करायचं?"

"अंगठा अन् बोट जुळवून गोल करायचा!"

"त्ये आमच्यात तपकीर घेताना करतेत," बापू म्हणाला. "साहेब, तुमी सरळ बोंबला की."

असे पुष्कळ रविवार गेले. खंदारे बेडकाच्या वळणानं का होईना, हात मारू लागले. मग डबा सुटला. उन्हाळा चढला, पाणी उतरलं आणि नितळ झालं, तसे ते बुडी मारायला लागले. पवण्यात त्यांचा जीव नव्हताच. गाल फुगवायचे, बोट वर करायचं आणि खाली.

एका रविवारी माझी भावजय सुमन भाकरी घेऊन विहिरीवर आली होती. खंदारे खाली गेलेले. बराच वेळ बुडबुडे येत राहिले, मग तेही थांबले. बापूनं सदऱ्याची बटणं सोडायला घेतली, तेवढ्यात पाणी फुटलं आणि आधी वर आली ती एक कळशी. हिरवट-काळी पडलेली, पोटात पोचा आलेली, गाळानं भरलेली. तिच्यामागून खंदारे.

"बापू, हे कुणाचं?"

सुमनच्या हातातलं फडकं खाली पडलं. "अगं बया! माझी कळशी! माझ्या म्हायेरची!"

लग्नाच्या पहिल्याच वर्षी दोर तुटून पडली होती ती. बापूनं कितीदा तरी गळ टाकून बघितला होता. कपारीत कुठंतरी अडकली असावी. खंदारे निथळत पायऱ्या चढले. वरच्या पायरीवर जरा थबकले आणि कळशी खाली दगडावर ठेवायला वाकले. पण सुमननं ती त्यांच्या हातातूनच ओढून घेतली आणि गाळासकट छातीशी धरली. धुवट लुगडं चिखलानं माखलं.

"सासू बोलली असंल लय," खंदारे म्हणाले.

"मरूपस्तोर बोलल्या हो भाऊ!" सुमन हसायलाही लागली होती आणि डोळेही पुसत होती. "म्हायेरचं जपता आलं न्हाई, सासरचं काय जपणार म्हणून."

खंदारे वळले आणि त्यांनी पुन्हा पाण्यात उडी मारली. रिकाम्या हातानं वर आले. पुन्हा गेले. बापू म्हणाला, "साहेब, आता काय ऱ्हायलंय खाली? या, भाकरी खा." ते आणखी दोनदा जाऊन आले.

संध्याकाळी फाट्यावर आम्ही एसटीची वाट बघत होतो. खंदारे मैलाच्या दगडावर बसले. बसले, हे मुद्दाम लिहून ठेवण्यासारखं आहे.

"आमच्या आईची पण एक हाय," ते म्हणाले. "खाली."

मी दगडाजवळ सरकलो.

"आमाला विहिरीवर चढायचं नसायचं. बाया लांब घागरी मांडून बसायच्या, कुणी वतलं तर वतलं. एकदा दुपार झाली तरी कुणी आलंच न्हाई. मी घरात तापानं फणफणलेलो. आईनं इकडंतिकडं बघितलं अन् दोर बांधून कळशी सोडली. तेवढ्यात मागं कुणीतरी खाकरलं. नुसतं खाकरलं, सर. तिच्या हातातला दोर सुटला."

रस्त्यानं एक बैलगाडी गेली. ती लांब जाईपर्यंत ते थांबले.

"गळ टाका म्हणायचं तर कळशी कुणाची म्हणून सांगायची? आमची म्हणलं की चढलो होतो हे कळणार. गप बसली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की भर दुपारी मी चोरून वाकून बघायचो. दिसायची. गावातली पोरं तिच्यावरून सूर मारायची. वाटायचं, एखादा तरी आणील वर. आई शेवटपर्यंत हरवली म्हणायची न्हाई. म्हणायची, कुठं जायलीय? खाली हाय."

"मग तुमच्या गावी जाऊ या की," मी म्हणालो. "आता तुम्हांला बुडी येते."

"अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत आमचं घर जाळलं, आमी गाव सोडलं. पुढं नळ आले. विहीर बुजवून टाकली, सर. वर दगड टाकले." मग ते उठले, कारण गाडी दिसली होती.

खंदारे बेटावर गेले. जाण्याआधी पोस्टात त्यांचा सत्कार झाला. माणूस परत येण्याच्या आतच शाल देऊन टाकण्याची आपल्याकडची पद्धत सावधपणाची आहे. महिनाभरानं ते परतले तेव्हा नाकाची कातडी सोललेली होती आणि कमलताई सगळ्यांना सांगत होत्या की ज्वालामुखी म्हणजे वीटभट्टीच, फक्त मोठी.

रविवारी सकाळी ते माझ्याकडं आले. मी चहा पुढं केला. त्यांनी तो उभ्यानंच घेतला.

"झालं ना मनासारखं?" मी विचारलं. "गेलात ना तळाशी?"

"गेलो की. गुडघे टेकून बसलो. लय देखणं हाय, सर. काळी वाळू, झाडागत पसरलेलं प्रवाळ, निळे मासे तोंडाजवळ येऊन बघतेत." अंगणाच्या टोकाला जाऊन ते परत आले. "पण तिथं कुणाचं काही पडलेलं न्हाई."

 त्यांच्या खांद्याला पिशवी होती. तिच्यातून दोराचं टोक आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीची नाडी बाहेर आली होती.

"निघतो. पालमच्या गाडीला गर्दी असती," ते म्हणाले. "तिकडं एका घरी नव्या सुनेचा हंडा पडलाय विहिरीत. सुमनताईंचा निरोप हाय. सासू लय बोलायलीय म्हणं तिला."

आणि अर्धा चहा कट्ट्यावर ठेवून ते निघालेसुद्धा.