सात नंबरचा म्हसोबा

हद्दीच्या दगडांना कोणता रंग लावायचा, यावरून वाल्मिकचं आणि शेजारच्या कारभारी नानाचं भर उन्हात वाजलं.

"आरं, चुना मार की," नाना बांधावर उकिडवा बसून म्हणाला. "माझ्या आज्यानं चुना मारला, बापानं चुना मारला. तुला काय धाड भरलीय?"

"नाना, चुना पावसात धुऊन जातो. टेक्सासमध्ये प्रत्येक प्लॉटच्या कोपऱ्याला केशरी रंग असतो. लांबून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरतो."

"भरंल, भरंल," नाना म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला. वाल्मिकचे वडील, सूर्यभान अण्णा, रंगाचा डबा धरून मागं उभे होते. सव्वीस दगड संध्याकाळपर्यंत केशरी झाले.

वाल्मिक अकरा वर्षं टेक्सासात होता. नोकरी कॉम्प्युटरची, पण जीव घरांत. पडकं घर घ्यायचं, दुरुस्त करायचं, भाड्यानं द्यायचं. अशी तीन घरं त्यानं उभी केली होती आणि चौथ्याची बोलणी चालली होती. तेवढ्यात कंपनीनं त्याला काढलं आणि नोकरीच्या पाठोपाठ व्हिसाही गेला. साठ दिवसांत दुसरी नोकरी धरा, नाहीतर चालते व्हा, असा तिथला कायदा. त्यानं दीडशे ठिकाणी अर्ज केले. एकसष्टाव्या दिवशी तो, बायको दिपाली आणि सहा बॅगा असा संसार शेवगावजवळच्या आपल्या गावी अंगणात येऊन उतरला. तिन्ही घरं येईल त्या भावात फुंकून टाकावी लागली होती.

आणि अण्णांनी गावभर पेढे वाटले. पोराचा व्हिसा गेला म्हणून पेढे वाटणारा बाप अख्ख्या तालुक्यात हा एकच. "बरं झालं आला," एवढंच ते म्हणायचे, वर पेढा पुढं करायचे. वाल्मिकला ते फार लागलं. आपलं तिकडं सगळं बुडालं आणि या माणसाला गोड लागतंय, हे त्याच्या मनातून जाईना.

पण हातपाय गाळून कसं चालेल? होतं नव्हतं ते घालून त्यानं डांबरी रस्त्याला लागून तीस गुंठे घेतले, बिगरशेतीचे कागद केले, बारा प्लॉट पाडले. आता सगळी भिस्त एलिया गुरुजींवर होती. निवृत्त हेडमास्तर, शब्दाला पक्के. निम्मा तालुका त्यांच्या हाताखाली शिकून गेलेला. गुरुजींनी प्लॉट घेतला की बाकीचे डोळे झाकून घेणार, हे उघड होतं. गुरुजींना सात नंबर पसंत होता, कारण त्यात लिंबाचं मोठं झाड होतं. रविवारी येऊन इसार देतो म्हणाले होते.

त्याच लिंबाखाली हद्दीचा एक केशरी दगड होता. गोल, मूळचा काळा, गुडघ्याएवढा.

मंगळवारी सकाळी नानाची बायको, सत्यशीलाकाकू, म्हैस घेऊन तिथून चालली होती. लिंबाखाली केशरी दगड पाहून ती थबकली. पायातली चप्पल काढली, हात जोडले आणि सवयीनं म्हशीचं गाऱ्हाणं घातलं. म्हैस आठ दिवस पान्हा चोरत होती. संध्याकाळी तिनं बादली भरली. झालं! बुधवारी लिंबाखाली तीन नारळ फुटले, गुरुवारी अकरा. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लोक म्हणतात. वाल्मिक करायला गेला हद्द आणि झाला म्हसोबा. बाकीचे पंचवीस दगड तसेच केशरी, पण त्यांच्याकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्यांच्या डोक्यावर लिंब नव्हता ना!

वाल्मिक रंगाचा डबा घेऊनच धावला.

"काकू, हा बघा डबा! शेवगावच्या दुकानातून आणलाय. हा देव नाही, ऑइल पेंट आहे!"

काकूनं डबा नीट निरखला. "रंग तुझा आसंल बाबा. न्हाई कोन म्हनतंय? पन तो ह्या दगडाला लावायची बुद्धी तुला कुनी दिली?"

यावर टेक्सासातसुद्धा कुणाला उत्तर सुचलं नसतं.

शुक्रवारी पहाटे त्यानं शेवटी नानाचंच ऐकलं. त्या दगडाला चुना फासला. दुपारी बारा वाजता नानाच्या बोअरची मोटार जळाली.

"देवाला चुना फासलास!" नाना बांधावरून गरजला. "त्याची फळं मी भोगतोय!"

"नाना, तुम्हीच म्हणाला होतात चुना मार! आणि मोटार तर गेल्या महिन्यातही जळाली होती."

"तवा दगड हुता. आता देव हाय. आनि गेल्या महिन्यात बी तूच कायतरी केलं आसशील!"

तासाभरात बायका जमल्या. चुना खरवडून काढला, तेलात खरा शेंदूर कालवून दगडाला वरपासून खालपर्यंत माखला. म्हणजे आता वाल्मिकच्या डब्याचाही संबंध उरला नाही. वाल्मिकला उभं करून कानाला हात लावायला लावले, दिपालीकडून दहीभाताचा नैवेद्य घेतला. येताना दिपाली एवढंच म्हणाली, "तिकडं एक भाडेकरू मिळवायला तुम्हाला दोन-दोन महिने लागायचे. इथं चार दिवसांत बसला, तोही भाडं न देणारा."

वाल्मिकला हसू आलं नाही. स्वतःच्या जागेत आता त्याला चप्पल काढून जावं लागत होतं. तिकडच्या तिन्ही घरांच्या किल्ल्या त्याच्या डोळ्यांपुढं यायच्या. चौथं घर घ्यायच्या नादात न पडता नोकरीकडं नीट बघितलं असतं तर? आई गेली तेव्हा कामाचं कारण काढून आलो नाही, तेव्हा आलो असतो तर? असे प्रश्न पडायला लागले की माणसाला जेवण जात नाही. त्यालाही गेलं नाही.

रविवारी गुरुजी आले तेव्हा लिंबाखाली पत्र्याची शेड होती, घंटा होती आणि रस्त्याकडेला कारभारी नानाचं नारळाचं दुकान होतं. तरी वाल्मिकला आशा होती. गुरुजी ख्रिस्ती, दर रविवारी चर्चला जाणारे. त्यांना म्हसोबाचं काय?

"वाल्मिक, बाळ, मला म्हसोबाची भीती नाही," गुरुजी शांतपणे म्हणाले. "पण उद्या मी इथं गेट बसवलं की लोक म्हणतील, गुरुजीनं देव कोंडला. नाही बसवलं, तर करवंट्या माझ्या दारात आणि घंटा माझ्या उशाला. साठ वर्षं या गावात मी कुणाशी भांडलो नाही. आता प्लॉटपायी कुठं भांडू?"

"गुरुजी, दगड हलवला तर?"

"तू हलवशील?" गुरुजींनी विचारलं. मग स्कूटर चालू करता करता म्हणाले, "ही जागा रिकामी झाली तर गुरुवारपर्यंत कळव. नाहीतर मी दुसरीकडं बघतो."

पुढचे तीन दिवस वाल्मिकनं धीर गोळा केला. गुरुवारी दुपारी एकला, सगळं गाव जेवून पालथं पडलेलं असताना, तो पहार घेऊन निघाला. नाना दुकानात घोरत होता. एकदा दगड उपटून विहिरीत टाकला की संपलं. पुढं काय व्हायचं ते होवो!

शेडजवळ पोहोचला तर आत कुणीतरी बोलत होतं. अण्णा होते. टोपी काढून हातात घेतलेली, पाठ रस्त्याकडं.

"म्हसोबा, तू डब्यातला हायेस ते मला ठाव हाय," अण्णा दगडाला सांगत होते. "डबा मीच धरला हुता. पन गावातल्या देवाकडं जायला मला तोंड न्हाई राह्यलं. अकरा वर्सं त्याच्या पायरीवर डोस्कं घासलं. म्हनलं, पोरगं माघारी येऊ दे. त्यानं ऐकलं. मी येड्यावानी पेढं वाटलं. पन पोराचं तोंड बघितलं, आनि मला कळलं म्या काय करून ठिवलं ते. ह्याला समदं सोडून यावं लागलं, ते माझ्या नवसापायी. तू नवा हायेस. एवढा सात नंबर गुरुजीला जाऊ दे. पोराचं काम सुरू हुऊ दे."

ज्या जागेवर देव बसला होता, तीच जागा विकून दे, असं साकडं म्हातारा त्याच देवाला घालत होता. दुसरा कुणी असता तर वाल्मिक पोट धरून हसला असता. आता त्यानं हातातली पहार हळूच जमिनीला टेकवली. पेढ्यांचा राग धरून सहा महिने आपण या माणसाशी धड बोललो नाही, याची त्याला मनापासून लाज वाटली.

"अण्णा," तो म्हणाला.

अण्णा दचकले. घाईघाईनं टोपी घातली.

"अण्णा, माझा व्हिसा कंपनीनं घालवला. तुमच्या नवसाचा काय संबंध त्यात?"

"व्हय," अण्णा खाली बघत म्हणाले. "पन कंपनीला बुद्धी कुनी दिली?"

या प्रश्नापुढं वाल्मिक दुसऱ्यांदा हरला होता.

अण्णांचं लक्ष त्याच्या हाताकडं गेलं. "पहार कशाला आनली रं?"

"नारळ फोडायला."

अण्णांनी पहारीकडं पाहिलं, मग त्याच्या दुसऱ्या रिकाम्या हाताकडं पाहिलं. त्यांना काय कळायचं ते कळलं असावं. पण ते एवढंच म्हणाले, "आनि नारळ?"

वाल्मिक रस्त्याकडेला गेला, नानाला हलवून उठवलं आणि आयुष्यातला पहिला नारळ घासाघीस न करता विकत घेतला. परत येताना त्यानं गुरुजींना फोन लावला. "गुरुजी, सात नंबर रिकामा होत नाही. तुम्ही दुसरीकडं बघा," म्हणाला आणि फोन खिशात टाकला. चप्पल शेडच्या बाहेर काढली.

नारळ पहारीच्या एका घावात फुटला. पाणी दगडावरून ओघळलं. वाल्मिकनं डोळे मिटले, हात जोडले आणि ओठ हलवायला सुरुवात केली.

अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"दमानं," ते म्हणाले. "मागायचं तर समदं नीट सांगून माग, बाबा. माझ्यावानी अर्धं मागू नगं."