प्लॅटिनमच्या कांडीची मोहीम

श्रीसिद्धरामेश्वराचे चरणी मस्तक ठेवोन, शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरी, सोलापूर मुक्कामी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत जे रण माजले ते लिहिले असे. पदरचे तिखटमीठ घातले नाही.

अखंडितलक्ष्मीअलंकृत उत्कर्षाबाई करमाळेकर, पीएचडीच्या उमेदवार, यांणीं पाच वर्षे एकच मोर्चा धरिला होता. केसाहून हजारो पट बारीक ऐशा कार्बनच्या नळ्यांचा लेप प्लॅटिनमच्या कांडीवर चढवावा आणि कांडी द्रावणात बुडवून वीज सोडावी आणि संगणकावरील आलेखात शिखर उमटावे, म्हणजे नळ्या कामास आल्या. गुरुवर्य सोमशेखर सरांचे फर्मान सुटले की, दसऱ्यानंतर समिती बसेल, तीन वेळा एकसारखे शिखर दाखवावे, अन्यथा पाचही वर्षे फुकट गेली समजावी.

दसऱ्याचे दुसरे दिवशी, एकादशीस, बाईंणीं घाई केली. कांडी चकचकीत पाहोन घासली नाही, लेप चढविला आणि वीज सोडली, तों गगनचुंबी शिखर उठले. सर धावत आले, नवी पेठेतून पेढे आले, ते तिन्ही मजल्यांवर वाटले. मग दुसरे खेपेस शिखर निम्मे जाहले आणि तिसरे खेपेस पाव. बाईंणीं कांडी उलटी करोन पाहिली, तों कडेच्या फटीत पिवळे दिसले.

प्रयोगशाळेचे जुने शिपाई कल्लप्पा होटगीकर यांस पाचारण जाहले. ते मान खाली घालोन बोलिले, "बाई, खंडेनवमीला समद्या हत्यारांची पूजा केली. तुमी पाच वर्सं ह्या कांडीनंच लढताय की. म्हणून तिला जास्त हळद लावली. मागनं पुसली बी."

वीज लागता हळदही शिखर उठविते आणि ती सरत गेली तसे ते खचते, हे बाईंस उमगले. सरांची मसलत पडली की, पहिलेच शिखर दाखवावे, हळदीचा बोभाटा करू नये. बाई दबल्या नाहीत.

"सर, ते शिखर हळदीचं आहे. माझं नाही."

मग बाईंणीं कांडी दिवसभर घासली आणि नवा लेप दिला आणि समितीसमक्ष वीज सोडली. शिखर उठले ते टेकाडाएवढे, परंतु तिन्ही खेपेस तेच, तसूभर फरक नाही. समितीने मान्यतेची सही केली. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. पेढे मात्र आधीच संपले होते.

कल्लप्पा दाराशी चोरासारखे उभे होते. बाईंणीं कांडी डबीत घालोन झाकण घट्ट लाविले आणि डबी त्यांजपुढे धरोन आज्ञा केली, "आता लावा हळद." म्हाताऱ्याचे डोळे भरोन आले. हेही दप्तरी नोंदिले असे.